मदत हवी आहे: १९९४ ची इमारत, खाली मोकळं पार्किंग. भूकंपासाठी फक्त कॉलम जॅकेटिंग पुरेल का?

कारेलीबाग_सोसायटी

नमस्कार. बडोद्यात कारेलीबागेत आमची सोसायटी आहे, बांधकाम १९९४ चं. खाली पूर्ण मोकळं पार्किंग, वर चार मजले, प्रत्येक मजला साधारण ३०० चौरस मीटर. कॉलम १६, सगळे २३० × ४५० मिमी आणि जवळजवळ सगळ्यांची लांब बाजू पूर्व-पश्चिम. पार्किंगची उंची ३ मीटर. जिना आणि लिफ्ट एका कोपऱ्यात. गच्चीवर २०,००० लिटरची टाकी आणि थरावर थर चढवलेला कोबा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी पार्किंगमध्ये आलं. आता सात कॉलमना खालच्या अर्ध्या मीटरात उभ्या भेगा आहेत, तीन ठिकाणी सळई उघडी पडली आहे.

ठेकेदाराचं कोटेशन असं: भेगा पडलेल्या सात कॉलमना ७५ मिमी जॅकेट (कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर), १२ मिमीच्या आठ सळया, ८ मिमीच्या रिंगा २०० मिमीवर, फरशीपासून बीमच्या बुडापर्यंत. यानं इमारत भूकंपाला टिकेल, असं तो म्हणतो. एका सभासदांचं म्हणणं, कॉलमांच्या मध्ये दीड मीटर उंच विटांच्या भिंती घाला. दुसरे म्हणतात कार्बन फायबर गुंडाळा, गाड्यांची जागा जाणार नाही. आर्किटेक्टचे नकाशे आहेत, सळयांचे नाहीत. काय करावं?

रिंग_१३५

या कोटेशनवर सही करू नका. गंजाची दुरुस्ती आणि भूकंपासाठी बळकटी ही दोन कामं त्यात एक केली आहेत. भेगा सात कॉलमना आहेत म्हणून जॅकेटही सातच. भूकंपाचा आडवा जोर मात्र सोळाही कॉलमांवर येतो आणि ज्याचा कडकपणा जास्त त्याच्याकडे जास्त जातो.

ढोबळ हिशेब करा. २३० × ४५० चा कॉलम ७५ मिमी जॅकेटनंतर ३८० × ६०० होतो. कमकुवत, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेतला त्याचा कडकपणा सहापट होतो. मग सात कॉलम ४२ वाटे, उरलेले नऊ मिळून ९ वाटे. म्हणजे चार-पंचमांशाहून जास्त जोर ते सातच ओढणार. ते सात इमारतीच्या एका अंगाला असतील, तर वर पिळही पडणार. आणि ज्या जॅकेटच्या सळया ना फूटिंगमध्ये (कॉलमखालच्या पायात) रुतल्या ना वरच्या मजल्यात गेल्या, त्या नेमक्या जिथे मोमेंट (वाकवणारा जोर) सर्वांत जास्त तिथेच, कॉलमच्या दोन्ही टोकांना, निरुपयोगी.

जोर किती, तेही बघा. आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे बडोदा भूकंपाच्या झोन ३ मध्ये, गुणांक ०.१६. तुमच्या काळातल्या साध्या फ्रेमसाठी त्यातलं सूत्र लावलं, तर ०.१६ भागिले २, गुणिले २.५, भागिले ३, म्हणजे वजनाच्या सुमारे ६.७ टक्के. इमारत अंदाजे १५०० टन धरली तर १०० टन आडवा जोर. सोळा कॉलमांत सरासरी सव्वासहा टन आणि पार्किंगच्या उंचीत प्रत्येक टोकाला सव्वानऊ टन-मीटरच्या वर मोमेंट. २३० मिमी जाडीच्या दिशेने हा मोमेंट पेलणं फार अवघड आहे. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार आहे, खाली काहीच नाही. त्यामुळे इमारत सगळी हालचाल त्या एकाच मजल्यात करते. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात अहमदाबादेत, केंद्रापासून २०० किमीहून दूर, अशाच मोकळ्या पार्किंगच्या इमारती बसल्या. अहमदाबादही त्या नकाशात झोन ३ मध्येच. त्यानंतर या मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत अशा मजल्याचे कॉलम-बीम २.५ पट जोरासाठी करण्याचा नियम आला. तुमची इमारत त्याआधीची.

दीड मीटरच्या भिंती अजिबात घालू नका. ३ मीटरच्या कॉलमची मोकळी लांबी निम्मी होते आणि कडकपणा लांबीच्या घनाच्या उलट प्रमाणात, म्हणजे आठपट वाढतो. तो आखूड तुकडा जोर ओढतो आणि फुलीसारख्या तिरक्या भेगा पडून कातरला जातो.

कार्बन फायबरनं कॉलम आवळला जातो आणि कातरबळ वाढतं, पण कडकपणा जवळपास तेवढाच राहतो. सॉफ्ट स्टोरी, म्हणजे वरच्यांपेक्षा कमी कडक असा हा खालचा मजला, सॉफ्टच राहते. शिवाय १:२ च्या चपट्या कॉलममध्ये लांब बाजूचा मधला भाग नीट आवळला जात नाही. गंजक्या सळईवर गुंडाळलं तर आतला गंज फक्त दिसेनासा होतो.

तुमच्यासाठी मला योग्य वाटतं ते असं: पार्किंगच्या परिघावर, कॉलमांच्या मधल्या गाळ्यांत, दोन्ही दिशांना निदान दोन-दोन आरसीसी भिंती. कोपऱ्यातला जिना पिळ देतो, तो तोलला जाईल अशा जागी. भिंतीच्या टोकाचं फूटिंग भूकंपात उचलायला बघतं, म्हणून खाली दोन्ही फूटिंग जोडणारा पाया हवा. भिंत पहिल्या मजल्यावर थांबवली तर पुढचा कमकुवत मजला तोच होत नाही ना, हे डिझायनरने मॉडेलमध्ये तपासलंच पाहिजे. त्यानंतर कोणते कॉलम जॅकेट करायचे ते हिशेबातून ठरेल.

घनमीटर

वरचं सगळं पटलं. जॅकेटच्या कामात काय बिघडतं ते लिहितो, कारण देखरेख सोसायटीलाच करायची आहे.

आयएस १५९८८ (जुन्या इमारती बळकट करण्याचं मानक) प्रमाणे जॅकेट कमीत कमी १०० मिमी आणि काँक्रीटची ताकद जुन्यापेक्षा निदान ५ एमपीए (ताकदीचं एकक) सरस. रिंगा ८ मिमीच्या चालतील, पण सांध्याजवळ, उंचीच्या एक-चतुर्थांश भागात, अंतर १०० मिमीच्या आत. रिंगांच्या टोकांचे आकडे (हूक) १३५ अंशांचे. ९० चा आकडा कवच फुटलं की उघडतो.

आधी कॉलमभोवतीच्या बीमना टेके. शेजारशेजारचे कॉलम एकाच वेळी फोडायचे नाहीत. गंजलेल्या सळईच्या मागे २०-२५ मिमी मोकळं होईपर्यंत काँक्रीट काढा. फक्त पुढची बाजू साफ केली, तर मागचा गंज पुन्हा फुगतो. जुना पृष्ठभाग ६ मिमीपर्यंत खडबडीत करा (हॅकिंग). छिन्नीचे चार टाचे म्हणजे हॅकिंग नव्हे.

खाली फूटिंगच्या माथ्यापर्यंत खणा. फूटिंगमध्ये १६ मिमीच्या सळईला २० मिमीचं भोक, खोली डिझायनर देईल. भोक फुंकणं, ब्रश, पुन्हा फुंकणं. केमिकल अँकर (भोकात रसायनानं चिकटवलेली सळई) निसटतो तो बहुतेक वेळा भोकातल्या धुळीमुळे. काही सळयांची खेच चाचणी करून घ्या. वर सळया कोपऱ्यांतून, स्लॅबला भोकं पाडून न्या, म्हणजे बीमच्या सळया कापाव्या लागत नाहीत. जोड कॉलमच्या मधल्या अर्ध्या उंचीतच. बीम-कॉलमच्या सांध्यात रिंगा घालणं सर्वांत किचकट, म्हणून तेच टाळलं जातं. बीमला आडवी भोकं पाडून त्या ओवाव्या लागतात. हे कोटेशनमध्ये वेगळी बाब म्हणून लिहून घ्या.

ओतण्याआधी जुनं काँक्रीट पाण्यानं मुरवून वरून कोरडं. इपॉक्सीचा बाँड कोट लावला असेल तर तो चिकट आहे तोवरच ओतायचं. वाळला की तोच थर दोन काँक्रीटना वेगळं करतो. १०० मिमी जाडीत १० मिमी खडीचं वाहतं काँक्रीट, शक्यतो वरच्या स्लॅबच्या भोकातून. खालून भरलं तर बीमच्या बुडाशी पोकळी राहते, तिथे न आकसणारा ग्राऊट. ३ मीटरच्या कॉलमला सुमारे ०.५३ घनमीटर काँक्रीट लागतं, त्यावरून बिलं तपासा. क्युरिंग गोणपाटानं, बडोद्याच्या मे महिन्यात तर दिवसातून अनेकदा.

कारेलीबाग_सोसायटी

दोघांचेही मनापासून आभार. मग सुरुवात कुठून? आणि जास्त खर्च न करता लगेच करण्यासारखं काही?

रिंग_१३५

चाचण्यांपासून. सळया शोधण्याचं यंत्र सगळ्या कॉलमांवर, आणि तीन-चार कॉलम टोकांशी थोडे उघडून रिंगांचं अंतर व आकडे डोळ्यांनी बघा. निदान तीन कोअर (काँक्रीटचे दंडगोल नमुने) काढा. त्यांची ताकद सरासरीत धरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्क्यांच्या खाली किंवा एखादा ७५ टक्क्यांच्या खाली आला, तर काँक्रीटची ग्रेड कमी धरून हिशेब. २३० च्या कॉलमला मोठा कोअर नको, ७० मिमीच्या आसपास पुरे, टेका देऊन. फिनॉल्फ्थॅलिन फवारा: जिथे गुलाबी होत नाही तिथे काँक्रीटनं सळईचं रक्षण सोडलेलं आहे. हाफ-सेलचं (सळईचा गंज मोजणाऱ्या विद्युत चाचणीचं) वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलं तर गंज जवळजवळ नक्की. दोन फूटिंग खणून आकार आणि माती बघा, आपल्याकडे काळ्या मातीचे थर आहेत. कलाभवनातल्या (एम. एस. विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेतल्या) अप्लाइड मेकॅनिक्स विभागात चाचण्यांबद्दल चौकशी करा.

लगेच करण्यासारखं म्हणजे गच्चीचं वजन उतरवा. ३०० चौरस मीटरवर १०० मिमी जादा कोबा म्हणजे सुमारे ६० टन, तोही सर्वांत वर. आडवा जोर वजनाच्या प्रमाणात, म्हणून हाच सर्वांत स्वस्त उपाय. कोबा काढून हलकं जलरोधन करा आणि मलबा गच्चीवर एका जागी साठू देऊ नका. टाकीचे आखूड खांबही तपासून घ्या.

घनमीटर

आणि उघड्या सळयांवर आत्ताच सिमेंटचा गिलावा मारू नका. चाचणी होईपर्यंत तशाच दिसू द्या. पार्किंगमधलं पाणी कॉलमच्या पायाशी साचू न देण्यापुरता उतार तेवढा आजच करून घ्या.