मदत हवी आहे: 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर १९४२ ची फाइल कशी शोधायची?

माझे पणजोबा साताऱ्याच्या प्रतिसरकारात होते. त्यांचा उल्लेख दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या गृह खात्याच्या राजकीय फायलींत सापडेल, अशी आशा आहे. १८९१ साली कोलकात्यात सुरू झालेल्या या संस्थेने बरीच कागदपत्रं स्कॅन करून 'अभिलेख पटल'वर ठेवली आहेत, हे फार मोलाचं काम आहे. पण शोध फाइलीच्या शीर्षकावरून लागतो, आतल्या नावांवरून नाही. शिवाय इंग्रज कारकुनी स्पेलिंग! 'सातारा'सुद्धा कधी एका टी-ने, कधी दोन.

कुणी असा शोध घेतलाय का? कोणते शब्द टाकावेत? की जिल्ह्याच्या पोलिसांचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारातच पाहावे लागतील? आजी नव्वदीच्या पुढे आहे. तिला ते पान दाखवायचंय. कृपया सांगा.