नॅनोवाली किमो घ्यावी का? अर्जंट आहे

अशोकचौक_७७
मंडळी, घाईत लिहितोय. आईची किमो चालू आहे, आता डॉक्टर म्हणायलेत उरलेले डोस नॅनोवाले देऊ, खर्च जास्त येईल, घरी बोलून सोमवारपर्यंत सांगा. मामा म्हणतो पैसे काढायचे धंदे आहेत. दाजी म्हणतात नॅनो म्हणजे मिसाईल, थेट गाठीवर जाऊन पडतं, बाकी अंगाला धक्का नाही. दोघांनी मिळून डोकं खाल्लंय. फायदा आहे का नाही तेवढंच सांगा, लांबड नको.

बार्शीकर
अहो पण कॅन्सर कसला? ऑपरेशन झालंय का? किती डोस झाले, कुठलं औषध? नॅनो हे काय औषधाचं नाव नाही. कागद बघून नाव टाका, मग बोलू.

गड्डा_मैदान
सरळ टाटाला जावा. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला बसायचं, सकाळी दादरला उतरायचं, तिथनं टॅक्सीनं परळ. फाईल, बायोप्सीची स्लाईड आणि ब्लॉक सोबत घ्या, नुसता रिपोर्ट चालत नाही. राहायची सोय आधी बघा, नाहीतर लई हाल होतात.

अशोकचौक_७७
दादा, टाटाचं विचारलं नाही मी. छातीची गाठ आहे, काखेतपण आहे. ऑपरेशन किमोनंतर. लाल औषधाचे चार झाले.

नॅनोसंशोधक
मी इथंच एमएस्सी केलंय, नॅनोमटेरियल्सवर प्रोजेक्ट होता त्यामुळं सांगतो. दाजींचं चूक नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, झिरपणाऱ्या असतात, शंभर नॅनोमीटरच्या (मिलिमीटरचा दहा हजारावा भाग) आसपासचे कण त्यातनं बाहेर पडून गाठीत साठतात. माएदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच दाखवलंय. आम्ही लॅबमध्ये आयर्न ऑक्साइडचे कण करायचो, ते गाठीत सोडून बाहेरनं बदलतं चुंबकीय क्षेत्र लावलं की कण तापतात आणि पेशी मरतात. युरोपात मेंदूच्या गाठीसाठी त्याला २०१० मध्येच मान्यता मिळालीय. तेच कण एमआरआयमध्येपण दिसतात, म्हणजे तपासणी आणि उपचार एकाच कणात! भविष्य हेच आहे.

बार्शीकर
भविष्य असेल हो, सोमवारी काय करायचं ते सांगा. आणि ते झिरपणं उंदरात जेवढं छान दिसतं तेवढं माणसात दिसत नाही. २०१६ मध्ये प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा निघाला होता, त्यात टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचणारे ०.७ टक्के निघाले. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहाच गिळतात. मिसाईल कसलं त्यात?

नॅनोसंशोधक
०.७ हा मीडियन, म्हणजे मधला आकडा आहे, सगळ्या प्रकारच्या कणांचा मिळून. आणि साध्या औषधाचं तरी सगळं गाठीतच जातं का? तुलना नीट करा की.

ऊसवाला_माळशिरस
नॅनो युरिया मारला होता आम्ही, काय फरक पडला नाही. गोणीचा युरियाच बरा.

धन्वंतरी_भक्त
आपल्याकडं स्वर्णभस्म हजारो वर्षांपासून आहे, त्यात सोन्याचे नॅनो कणच असतात. किमोच्या जोडीला चालू करा, पत्ता देतो.

सिस्टर_ऑन्को
पत्ता देऊ नका. किमो चालू असताना डॉक्टरांना न सांगता कुठलंच भस्म नको, लिव्हर आणि किडनीवर आधीच ताण असतो.
अशोकचौक, लाल औषधाचे चार झाले म्हणजे आता पॅक्लिटॅक्सेल हे किमोचं पुढचं औषध असणार. त्याचा एखादा डोस दिला होता का? देताना काही झालं का?

अशोकचौक_७७
हो, मागच्या आठवड्यात पहिला लावला. दहा मिनिटांत तोंड लालबुंद झालं, छाती आवळली म्हणाली, सिस्टर पळत आल्या, सलाईन बंद केलं. मग दिलाच नाही. पण ते वेगळं ना, मी खर्चाचं विचारायलोय.

सिस्टर_ऑन्को
वेगळं नाही ओ, सगळं त्यातच आहे! पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून साध्या इंजेक्शनात एरंडेलापासून केलेलं एक द्रावण आणि अल्कोहोल असतं. ती रिॲक्शन बहुतेक वेळा त्या द्रावणाची असते. म्हणून तर आधी स्टिरॉइड टोचतात, तीन-तीन तास सावकाश चढवतात. नॅनोवाल्यात तेच पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिन या प्रथिनात बांधलेलं असतं, साधारण १३० नॅनोमीटरचे कण, एरंडेलाचं द्रावण नाही, अर्ध्या तासात संपतं. अमेरिकेत २००५ पासून वापरात आहे, आता आपल्याकडच्या कंपन्यापण करतात. तुमच्या डॉक्टरांनी ते का सुचवलं असेल ते यातनं कळेल. गाठीवर जाऊन बसतं का नाही हा वाद या दोघांना घालू दे.

मेडिकल_सातरस्ता
बरोबर. बॉक्सवर ‘प्रोटीन बाउंड पार्टिकल्स’ लिहिलेलं बघूनच घ्या. साधं पॅक्लिटॅक्सेल आणि हे यांचे मिलिग्रॅम सारखे नसतात, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. व्हायलमध्ये पावडर असते, सलाईन घातलं की दुधासारखं होतं, जोरात हलवलं तर फेस येतो. किंमत कंपनीप्रमाणं लई बदलते, छापील किमतीवर जाऊ नका, दोन ठिकाणी विचारा. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या, बिल झाल्यावर उपयोग नाही.

नॅनोसंशोधक
म्हणजे नॅनो आहेच की.

बार्शीकर
आहे. पण मामापण चूक आणि दाजीपण.
आईंना शुगर आहे का?

अशोकचौक_७७
आहे ना, सात-आठ वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत. लिहायचं राहिलं. का?

बार्शीकर
स्टिरॉइडनं शुगर भडकते. यात ते सहसा लागत नाही, तेवढं बरं.

सिस्टर_ऑन्को
पण दुसरी बाजू पण आहे. हातापायाला मुंग्या आणि बधिरपणा यात जास्त येतो. छातीच्या पसरलेल्या कॅन्सरवर दोन्ही औषधं तीन-तीन आठवड्यांनी देऊन तुलना केली होती, त्यात जोरदार बधिरपणा नॅनोवाल्यात १० टक्के बायकांना आला, साध्यात २ टक्के. शुगरवाल्यांच्या नसा आधीच कमजोर असतात. आत्ता काही मुंग्या वगैरे?

अशोकचौक_७७
तळपाय जळजळतात म्हणते रात्री. आणि आई विड्या वळते ओ. पान कातरायचं, तंबाखू भरून वळायचं, टोक दुमडून दोरा बांधायचा, सगळं बोटांच्या टोकावर आहे. किमोतपण घरी बसून वळतीच आहे, ऐकत नाही. बोटं गेली तर कसं?

सिस्टर_ऑन्को
मग हेच सोमवारी आधी सांगा, तळपायाचं आणि विड्यांचं दोन्ही. आठवड्याला थोडा-थोडा डोस देतात तशी पद्धत आहे, दर वेळी मुंग्या विचारून डोस कमी करता येतो, मध्ये थांबता येतं. दुसरं औषधपण निघू शकतं. ते डॉक्टरच ठरवतील, पण त्यांना माहीत तर पाहिजे. शर्टाचं बटण लावायला त्रास व्हायला लागला की लगेच सांगायचं, पुढच्या डोसची वाट बघायची नाही.

गड्डा_मैदान
टाटाला एकदा दाखवून तरी घ्या बे.

अशोकचौक_७७
अजून एक. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनच्या वेळी काखेत काय राहिलंय ते बघायला रेडिओॲक्टिव्ह इंजेक्शन देऊ. तेपण नॅनोच का? आई घाबरलीय, नातू लहान आहे घरात.

नॅनोसंशोधक
हो! टेक्निशियम हा किरणोत्सर्गी पदार्थ लावलेले बारीक कण असतात ते. गाठीजवळ टोचले की लसीकेतनं (शरीरातल्या पातळ द्रवाच्या वाहिन्यांतनं) वाहत जाऊन काखेतल्या पहिल्या लसीका ग्रंथीत अडकतात, सर्जन किरणोत्सर्ग ओळखणारा प्रोब फिरवतो, तिथं आवाज येतो, तीच ग्रंथी काढून तपासतात. सहा तासांत किरणोत्सर्ग निम्मा होतो, अजून सहा तासांत त्याचा निम्मा. डोसपण अगदी थोडा असतो.

बार्शीकर
हे मात्र बरोबर सांगितलं. नातवाचं तेवढं त्या विभागात विचारून घ्या, ते सांगतात नीट.

ऊसवाला_माळशिरस
संशोधक साहेब, ते चुंबकाचं उसातल्या हुमणी किडीवर चालेल का?

अशोकचौक_७७
सिस्टर, मेडिकलवाले, बार्शीकर, आभार. सोमवारी आईलाच घेऊन जातो, तिच्या तोंडूनच सांगू दे. मामाला कोण समजवतंय आता.