रॅम ६४०० ला नेल्यावर पीसी उठत नाहीये, सीमॉस क्लिअर करूनही स्क्रीन काळीच

टकमक:
मंडळी, मदत हवी आहे. काल बायोसमध्ये रॅमचे आकडे बदलले, सेव्ह करून रीस्टार्ट दिला आणि तेव्हापासून स्क्रीनवर काहीच येत नाही. पंखे फिरतात, कीबोर्डचे दिवे लागत नाहीत, मदरबोर्डवरच्या चार छोट्या दिव्यांपैकी रॅमचा पिवळा दिवा लागतो आणि तसाच राहतो.

मशीन असं आहे: रायझन ७ ७७००, बी६५० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ काड्या (६००० सीएल३०, एक्स्पोवाल्या, म्हणजे जास्त वेगाची सेटिंग कारखान्यातच भरून दिलेल्या), वेगळं ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११. एक्स्पो चालू ठेवून ६००० वर कित्येक महिने काहीही तक्रार नव्हती.

काल काय काय बदललं ते सांगतो. वेग ६४००. यूक्लॉक (मेमरी कंट्रोलरचा वेग) आणि एमक्लॉक (रॅमचा वेग) एकास एक. रॅमचं व्होल्टेज १.३५ वरून १.४०. टीआरएफसी (रॅमच्या एका रिफ्रेशला दिलेला वेळ) कमी केलं, टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) ६५५३५. शिवाय कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरच्या कोअर्सचं व्होल्टेज खाली-वर करणारी सेटिंग) सगळ्या कोअर्सना उणे ३०. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) ऑटोवरच आहे.

नंतर सीमॉसच्या (बायोसच्या सेटिंग पुसायच्या) दोन पिनांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून पाहिला. फरक नाही. तीन-चार मिनिटं वाट पाहतो, काही होत नाही म्हणून बंद करतो, परत चालू करतो. सेल ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला आहे, तो अजून काढलेला नाही. रॅम गेली का? की प्रोसेसर?

चिमटा:
उणे ३० आणि वर व्होल्टेज वाढवलंय. प्रोसेसर जळाला असणार. २०२३ मध्ये एएम५ चे (याच सॉकेटचे) प्रोसेसर सॉकेटसकट करपल्याचे फोटो सगळीकडे फिरत होते, आठवत असेल.

खटपट्या:
चिमटा, घाबरवू नका त्यांना. त्या प्रकरणात मुद्दा एसओसी व्होल्टेजचा होता, आणि त्यानंतर एएमडीने बायोसच्या अपडेटमधून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. टकमक यांनी तिथे हातच लावलेला नाही. १.४० व्होल्टही डीडीआर५ ला नवं नाही, एक्स्पोच्या कित्येक काड्या कारखान्यातूनच तेवढं मागतात. आणि उणे कर्व्ह म्हणजे व्होल्टेज कमी करणं. त्याने मशीन अस्थिर होईल, जळणार नाही.

टकमक, तीन गोष्टी सांगा. पिना जोडल्या तेव्हा पॉवर सप्लायचं मागचं बटण बंद होतं का? रॅमचा दिवा एकसारखा लागून राहतो, की मध्येच विझून मशीन आपोआप रीस्टार्ट होतं? आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे की बोर्डाला?

टकमक:
पीसी बंद होता, पण सप्लायचं बटण चालूच होतं. दिवा बहुतेक वेळ लागलेला, मध्ये एकदा सगळं विझून परत चालू झालं. केबल ग्राफिक्स कार्डाला.

खटपट्या:
मग अजून रॅम किंवा प्रोसेसरचा मर्तिक उरकायची वेळ आलेली नाही.

सप्लाय चालू असला की पीसी बंद दिसला तरी बोर्डाला पाच व्होल्टची स्टँडबाय वीज मिळत राहते. अशा वेळी पिना जोडून बायोस डिफॉल्टला जाईलच याची खात्री नाही. परत करा, पण असं: मागचं बटण बंद करा, वायर काढा. मग पुढचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाईल. त्यानंतर पिना दहा सेकंद जोडून ठेवा. पिनांची जागा बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बघा, समोरच्या पॅनेलच्या पिना चुकून जोडू नका. ग्राफिक्स कार्ड काढावंच लागणार असेल तर सेलही काढून ठेवा. साधा सीआर२०३२ आहे, जुना वाटला तर बदलून टाका.

आता महत्त्वाचं. एएम५ वर पिवळा दिवा म्हणजे 'रॅम खराब' असं नाही. त्याचा अर्थ 'रॅमचं काम चालू आहे किंवा अडलंय' इतकाच. डिफॉल्टला गेल्यावर बोर्ड पुन्हा पहिल्यापासून मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रत्येक सिग्नल कुठल्या क्षणी वाचायचा हे आजमावून ठरवतो. डीडीआर५ वर याला काही मिनिटं जातात, तेवढ्यात स्क्रीन काळी असते, मशीन स्वतःहून एक-दोनदा रीस्टार्टही होऊ शकतं. तुम्ही तीन-चार मिनिटांनी बंद केलंत की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू. पंधरा मिनिटं हातही लावू नका.

अबोल:
वरच्यात भर. एकच काडी ठेवा, ए२ मध्ये, म्हणजे बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट. ७७०० ला स्वतःचं ग्राफिक्स आहे, त्यामुळे कार्ड बाहेर काढून केबल थेट बोर्डाच्या एचडीएमआयला लावा. शंका घ्यायला जागा तेवढी कमी. एका काडीने नाही उठलं तर त्याच स्लॉटमध्ये दुसरी लावून बघा.

आणि सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवतो: एखाद्या स्क्रीनवर एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारा प्रोसेसरमधला भाग) रीसेट करायचं का, वाय की एन, असं विचारलं तर एन दाबा. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर वाय दाबल्यावर रिकव्हरी की टाकल्याशिवाय डिस्क उघडणार नाही. सीमॉस क्लिअर केल्यावर सिक्युअर बूटची सेटिंग बदलली तरी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) की मागू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये ती ४८ आकडी की असते, फोनवरून लॉगिन करून आधीच काढून ठेवा.

टकमक:
उठलं!! एक काडी, कार्ड बाहेर, सप्लायची वायर काढून सीमॉस. सात-आठ मिनिटं काहीच नाही, मग एकदम बायोस. रॅम ४८०० दाखवतोय. नंतर दुसरी काडी घातली, पुन्हा थोडा वेळ गेला आणि ३२ जीबी दिसले. वाय-एन विचारलं नाही, पण विंडोजने बिटलॉकरची की मागितली. अबोल, तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी तिथेच बसून राहिलो असतो.

आता दोन प्रश्न. नेमकं कशामुळे अडलं? आणि ६४०० चा नाद सोडू का?

खटपट्या:
माझा पहिला संशय काड्यांवर नाही, एकास एकवर आहे. ६४०० ला मेमरी कंट्रोलरला ३२०० मेगाहर्ट्झवर पळावं लागतं. ६००० च्या वर गेलं की बहुतेक बोर्ड ऑटोमध्ये कंट्रोलर अर्ध्या वेगावर टाकतात, ते उगाच नाही. तुम्ही एकास एक सक्तीने लावलं आणि एसओसी ऑटोवर ठेवलं. काही चिप ३२०० पेलतात, काहींना एसओसी थोडं वाढवावं लागतं, काही कितीही दिलं तरी नाही म्हणतात. ते चिपच्या नशिबावर आहे. एएमडी स्वतः या प्रोसेसरला दोन काड्यांसह ५२०० पर्यंतचीच हमी देते, म्हणजे तुमचं ६००० सुद्धा ओव्हरक्लॉकच आहे.

दुसरं, टीआरईएफआय. रॅममधल्या कपॅसिटरमधून चार्ज गळत असतो, म्हणून तो ठरावीक वेळाने भरावा लागतो. डीडीआर५ चं मूळ अंतर ३.९ मायक्रोसेकंद. ६४०० वर ६५५३५ म्हणजे साधारण २०.५ मायक्रोसेकंद, पाचपट. वेग छान मिळतो, पण काड्या तापल्या की गळती वाढते आणि खेळाच्या मध्येच चुका सुरू होतात. मशीन सुरू न होण्याला मात्र ते कारण असेल असं वाटत नाही.

कर्व्ह ऑप्टिमायझरही बहुधा निर्दोष. पण त्याचा स्वभाव उलटा आहे: पूर्ण लोडवर उणे ३० मजेत चालतं आणि मशीन नुसतं बसलेलं असताना, ब्राउझर उघडताना कोसळतं. कारण एकटा कोअर सर्वांत जास्त वेग तेव्हाच गाठतो. त्यामुळे रेंडरिंगच्या चाचणीत पास झालं म्हणून विश्वास ठेवू नका, कोअरसायकलरसारखं एकेक कोअर तपासणारं काहीतरी रात्रभर चालवा.

टकमक:
म्हणजे तिन्ही एकदम बदलल्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

खटपट्या:
हो. आधी फक्त एक्स्पो ६०००. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे चारही पास पूर्ण होऊ द्या. एकही चूक दिसली तर पुढे जाऊ नका. पास झालं की टीआरईएफआय आणि टीआरएफसी, एकेक करून. कर्व्ह उणे १० पासून, आणि तोही रॅमचं काम संपल्यावरच. चालणारी सेटिंग बायोसच्या प्रोफाइलमध्ये सेव्ह करा, पेनड्राइव्हवरही एक प्रत घ्या.

६४०० बद्दल विचाराल तर माझं मत: ६००० वर टाइमिंग आवळून जो फायदा होतो त्यापुढे ६४०० चा फरक रोजच्या वापरात जाणवत नाही. हौस असेल तर जरूर करा, मीही करतो.

अबोल:
एक राहिलं. अस्थिर रॅमवर विंडोज सुरू झालं असतं तर फाइली खराब होऊ शकल्या असत्या. तुमचं तिथपर्यंत पोचलंच नाही, हे बरंच झालं. तरी एकदा एसएफसी स्कॅन (विंडोजच्या सिस्टिम फाइलींची तपासणी) चालवून घ्या. आणि बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रीस्टोअर प्रयोग चालू असेपर्यंत बंद ठेवा. तो चालू असला की बोर्ड जुनंच ट्रेनिंग वापरतो, बूट झटपट होतं, पण अपुऱ्या सेटिंगवर निळी स्क्रीन येते आणि दोष भलत्यालाच लागतो.

टकमक:
एक्स्पो ६००० वर मेमटेस्ट पूर्ण, शून्य चुका. एसएफसी पण स्वच्छ. टीआरईएफआय उद्या.

रिकामटेकडा:
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे अशाच बोर्डावर चार काड्या आहेत, ६००० चा एक्स्पो लावला की असाच पिवळा दिवा. मीही सीमॉस करू?

अबोल:
सीमॉसने सुरू होईल, पण एक्स्पो परत लावलात की पुन्हा तेच. चार काड्यांना रायझन ७००० ची अधिकृत मर्यादा ३६०० आहे. दोन काढून ठेवा, ए२ आणि बी२ मध्ये दोनच. ६४ जीबी लागतच असेल तर ३२ च्या दोन घ्या. चारच ठेवायच्या असतील तर ४८०० पासून सुरुवात करून हळूहळू वर या.