मदत हवी आहे : चिमट्याचा (स्विंग आर्म) लांब बोल्ट निघत नाही

चोपडा_१२५
गाडी १२५ सीसी, मागे ड्रम ब्रेक, दोन शॉकअप. डबल स्टँडवर लावून मागचं चाक आडवं हलवलं की चिमट्याच्या (मागचं चाक धरून वरखाली होणारा भाग) बुडाशी खटखट लागते. चाकाच्या बेअरिंगला खेळ नाही, म्हणजे चिमट्याचे रबरी बुश (आत लोखंडी नळी, बाहेर कवच, मध्ये रबर) गेलेत. चेनकव्हर, चेन, ब्रेकरॉड, चाक काढलं, शॉकअपचे खालचे बोल्टही सोडले. लांब बोल्टचा नट निघाला, पण बोल्ट जागचा सरकत नाही. पान्याने डोकं फिरवलं तर आतलं काहीतरी सोबत फिरतं. हातोडीने ठोकू का? प्रेस घरी नाही.

गिरणाकाठ
थांबा भो, उघड्या आट्यांवर हातोडी नको. टोक फुललं की बोल्ट भोकातून पारच होणार नाही.

सोबत फिरतेय ती बुशची आतली लोखंडी नळी. बोल्ट गंजून तिला धरून बसलाय. आपल्याकडच्या काळ्या रानाचा चिखल पावसाळ्यात त्या फटीत बसतो आणि ओल धरून ठेवतो. वॉशिंगवाल्याचं प्रेशर तिथे मारलं तर पाणी आणखी आत जातं.

नट परत लावा, बोल्टच्या तोंडाशी सपाट येईल इतकाच. चेसिस आणि चिमट्याच्या फटीत दोन्ही बाजूंनी गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी डोक्याला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. मग नटाच्या बाजूने पितळी दांडा धरून किलोभराच्या हातोडीचे मोजके, जोरदार घाव. पन्नास हलके ठोके मारून फक्त टोक खराब होतं. बोल्ट सरकू लागला की नट काढून बारीक दांड्याने पुढे ढकला.

त्याआधी दोन गोष्टी बघा. बोल्ट ज्या बाजूने बाहेर येणार तिथे सायलेन्सर किंवा फूटरेस्ट आड येतोय का? येत असेल तर आधी तो काढा. आणि गाडी नुसत्या स्टँडवर ठेवून आडवे घाव मारू नका, उलटेल. इंजिनखाली जॅक आणि लाकडी ठोकळा द्या, पुढचं चाक बांधा.

पाना_१४
गॅसच्या ज्योतीने तापवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वर पेट्रोलची टाकी, आत रबर, शेजारी वायरिंग.

तरीही नाही निघाला तर कापायचा. चिमटा आणि चेसिसच्या फटीत हॅक्सॉचं नुसतं पातं घालून दोन्ही बाजूंनी नळीसकट बोल्ट कापा. पात्याला कापड गुंडाळून धरा. वेळखाऊ काम आहे, पण चेसिस वाचते. नवा बोल्ट, नवा नट आणि चिमटा बुश किट आधीच आणून ठेवा.

जुना बुश काढताना रबर ड्रिलने पोखरा, आतली नळी निघेल. उरलेल्या बाहेरच्या कवचाला हॅक्सॉने लांबीत एक काप द्या. कवचापुरताच. चिमट्याच्या भिंतीत चर पडला तर नवा बुश तिथे ढिला बसतो. नवा ओढून घ्यायला १२ मिमीचा आटेवाला रॉड, जाड वॉशर आणि योग्य मापाचं सॉकेट पुरतं. दाब बाहेरच्या कवचावरच हवा, नळीवर नको. तिरका जातोय असं दिसलं तर थांबा आणि लेथवाल्याकडून प्रेसवर बसवून घ्या.

चोपडा_१२५
धन्यवाद दादा. उजवा बुश फाटलाय, डावा ठीक दिसतो. एकच बदलला तर? आणि ग्रीस किती भरू?

पाना_१४
दोन्ही बदला. एक कडक आणि एक मऊ राहिला तर चाक वळणावर तिरकं ओढतं. ग्रीसचा पातळ थर फक्त बोल्टच्या दांड्यावर, आट्यांवर नको. रबराला ग्रीस लागू देऊ नका, फुगतं. नीडल बेअरिंगचा चिमटा असता तर भरून ग्रीस लागलं असतं.

गिरणाकाठ
बहुतेकांचं चुकतं ते इथे : लांब बोल्टचा नट चिमटा लोंबकळत असताना शेवटचा कसू नका. हाताने लावून चाक, शॉकअप जोडा, गाडी जमिनीवर घ्या, कोणालातरी सीटवर बसवा आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने (कसण्याचा ठरलेला जोर) कसा. नळी कसल्यावर चेसिसला घट्ट धरते आणि पुढची हालचाल रबर पिळूनच होते. लोंबत्या अवस्थेत कसलं तर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं.

चेनलॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला. चेनचा ढिलेपणा साधारण २० ते ३० मिमी, नेमका आकडा चेनकव्हरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. ब्रेक प्लेटच्या टॉर्क आर्मला (प्लेट फिरू न देणारी पट्टी) नवी स्प्लिट पिन घाला. ती राहिली आणि नट पडला तर ब्रेक दाबताच प्लेट गरकन फिरून चाक जाम होईल.