मदत हवी आहे: पावसाआधी तडे भरायचे की वरून थर टाकायचा?

घणसोलीकर_९
चार सोसायट्यांचा सामाईक डांबरी रस्ता आहे, तडे गेलेत. एक कंत्राटदार म्हणतो २५ मिमी कार्पेट (खडी-डांबराचा गरम थर) मारा, दुसरा म्हणतो स्लरी सील (इमल्शन आणि बारीक कच यांचा पातळ लेप) पुरे. पाऊस तोंडावर आलाय आणि रविवारी कमिटीची बैठक आहे. यातलं कुठलं करायचं तेवढंच सांगा.

खडी_मुरूम
तडे लांब सरळ आहेत की जाळीदार? रुंदी किती? पाण्याचे टँकर आत येतात का? पाणी कुठल्या बाजूला जातं? हे कळल्याशिवाय थर सुचवणं म्हणजे नाडी न बघता गोळी देणं.

घणसोलीकर_९
टँकर, कचऱ्याची गाडी, सगळंच येतं. तडे मधोमध लांब आहेत, बोट जात नाही एवढे. गेटपाशी थोडे जाळीदार. आता सांगा.

डांबर_व्हीजी३०
२५ मिमी नको. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या २०१३ च्या स्पेसिफिकेशनमध्ये बीसीचा (बिटुमिनस काँक्रीट, म्हणजे सगळ्यात वरचा डांबरी थर) पातळ थरसुद्धा ३० मिमीपासून आहे. त्याहून पातळ माल रोलर फिरेपर्यंत गार होतो, दबत नाही. शिवाय खालचे तडे तसेच ठेवले तर ते वर उमटतातच.

लांब तडे ३ मिमीच्या वर असतील तर गरम रबराइज्ड सीलंट (रबर मिसळलेलं डांबर) भरा. आधी तारेचा ब्रश, मग कंप्रेसरची हवा. तडा आतून कोरडाच हवा, ओलसर राहिला तर सीलंट चिकटत नाही, कडेने सुटतो. पृष्ठभागापासून २-३ मिमी खाली थांबा आणि वर दगडाची कच भुरभुरा, म्हणजे टायरला लागून निघणार नाही. १० मिमी रुंद, १५ मिमी खोल तड्याला १०० मीटरमागे १५ लिटर माल लागतो. कोटेशन त्यावर ताडून बघा.

थर_सहा_मिमी
नुसते तडे भरून काय होणार? पृष्ठभाग वाळून खडी सुटत असेल तर मायक्रोसर्फेसिंगच करा, म्हणजे स्लरीचाच सुधारित प्रकार. त्यातला टाइप २ म्हणजे ४-६ मिमी थर, पॉलिमर इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) असतं, एक-दोन तासांत गाड्या सोडता येतात. साध्या स्लरीला जास्त वेळ रस्ता बंद ठेवावा लागतो.

डांबर_व्हीजी३०
तडे न भरता मायक्रो केलं तर पहिल्याच पावसाळ्यात तीच रेष वर दिसते. आणि एवढ्याशा रस्त्यासाठी मिक्सिंग मशीन आत आणायला कोण तयार होणार?

थर_सहा_मिमी
तडे भरू नका असं मी कुठे म्हटलं? तडे आधी भरायचेच, पण तेवढ्यावर थांबू नका.

ठाणे_पश्चिम
सरळ पेव्हर ब्लॉक लावून टाका, कटकट मिटेल.

खडी_मुरूम
टँकर जिथे वळतो तिथे ब्लॉकचे सांधे उघडतात, खालची वाळू वाहून जाते आणि रस्ता लाटा मारतो. त्यांनी विचारलंय डांबराचं.

माधुरी_नेरूळ
थर टाकायचाच ठरला तर स्पीडब्रेकरही नीट करून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ च्या १९८८ च्या आवृत्तीत ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच गोलसर सांगितला होता. सोसायट्यांमध्ये जेमतेम अर्धा मीटर रुंदीचे उभे उंचवटे करतात, त्यावर दुचाकीवाल्यांची पाठ जाते.

खडी_मुरूम
ताई, तो वेगळा धागा होईल. घणसोलीकर, गेटपाशी जाळीदार तड्यांवर टँकर गेला की फटीतून मातकट पाणी वर येतं का?

घणसोलीकर_९
हो, येतं. तिथे कायम ओलं असतं, उन्हाळ्यातसुद्धा.

खडी_मुरूम
मग हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. मातकट पाणी म्हणजे खालचा बेस भिजून त्यातला बारीक माल बाहेर येतोय. तिथे सीलंट, स्लरी, कार्पेट काहीही टिकणार नाही. उन्हाळ्यात ओल म्हणजे बहुतेक पाण्याची लाइन किंवा चेंबर गळतंय, ते आधी दुरुस्त करा. मग जाळीदार तड्यांच्या बाहेर १५ सेंमी चांगल्या भागापर्यंत चौकोन कटरने उभा कापा. ओला माल सगळा काढा, डब्ल्यूएमएम (पाणी घालून मिसळलेली खडी) थराथराने दाबून भरा, त्यावर प्राइम (खडीत मुरणारा पातळ डांबराचा फवारा), मग खाली डीबीएम (जाड खडीचा डांबरी थर) आणि वर बीसी. कापलेल्या उभ्या कडांनाही टॅक कोट (थर चिकटवणारा डांबराचा हात) हवाच. व्हीजी-३० ग्रेडच्या डांबराचा माल टाकताना १४० अंशांच्या खाली नको आणि तो ९० अंशांच्या खाली जायच्या आधी रोलिंग संपायला हवं. ट्रक आला की थर्मामीटर मालात खुपसून बघा, ताडपत्री नसेल तर परत पाठवा.

थर_सहा_मिमी
हे मान्य. आणि पार्किंगच्या कडेला ऑइल सांडलेलं असेल तर ते धुऊन घ्या, त्यावर इमल्शन धरत नाही. इमल्शन तपकिरीचं काळं झाल्याशिवाय कुणाला चालू देऊ नका.

डांबर_व्हीजी३०
उतारही तपासा. रस्ता ६ मीटरचा असेल तर अडीच टक्क्यांनी मध्यापासून कडेपर्यंत ७५ मिमी उतार हवा. दोरी ताणून मोजता येतं. गटाराच्या जाळ्या मातीने बुजल्या असतील तर त्या आधी मोकळ्या करा.

घणसोलीकर_९
प्लंबरला गेटचं चेंबर उघडायला सांगितलंय. दोन्ही कोटेशन परत पाठवतो. खोदाई आणि तडे यांचे दर वेगवेगळे मागू ना?

खडी_मुरूम
हो. खोदाई चौरस मीटरवर, खोली लिहून. तडे धावत्या मीटरवर.