पार्किंगमधली मोटरसायकल आणि ठाण्यातले कागद : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

गुरुवार, रात्री ९:१०

ए-२०३ : नमस्कार सगळ्यांना. मंगळवारी पहाटे पार्किंगमधून माझी मोटरसायकल गेली, हे बहुतेकांना माहीत आहे. त्याच दिवशी गुन्हा दाखल झाला. आता विमा कंपनी तीन कागद मागतेय : एफआयआर, पंचनामा आणि 'ए फायनल'. ठाण्यात गेलो तर "साहेब बंदोबस्ताला गेलेत, परवा या" म्हणाले. हे कागद मागायचे कसे? कुणाला अनुभव आहे का?

सी-१०१ : अरे बाळा, माझ्याकडे मागच्या वर्षी घरफोडी झाली तेव्हा चिठ्ठीवर नुसता नंबर लिहून दिला होता. प्रत मागायची असते हेच मला माहीत नव्हतं.

बी-५०२ : आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, टाक सरळ. दहा रुपयांत काम.

डी-७०४ : आरटीआय एवढ्यात नको. मी सत्तावीस वर्षं कोर्टाच्या नक्कल विभागात, म्हणजे कागदांच्या प्रती देतात तिथे, काढली. रोज खिडकीशी माणसं यायची आणि म्हणायची, "पोलिसांचे कागद पाहिजेत." कुठले कागद, विचारलं की गप्प. प्रत्येक कागदाचं नाव वेगळं, तो देणारा वेगळा, मागायची वेळ वेगळी. नाव घेऊन मागितलं की निम्मं काम होतं. थोडं सविस्तर लिहितो, जेवून घेतो आधी.

ए-२०३ : काका, वाट बघतो 🙏

रात्री १०:०५

डी-७०४ : पहिला कागद एफआयआर. फिर्यादीला याची प्रत विनामूल्य मिळते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४(२) मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) मध्ये आहे. नव्या कायद्यात फिर्यादीबरोबर पीडित व्यक्तीचाही उल्लेख आहे, म्हणजे तक्रार वॉचमननं दिली आणि गाडी तुझी असली तरी तुला मागता येते. यासाठी साहेब जागेवर असायची गरज नाही. ठाणे अंमलदाराला गुन्हा रजिस्टर नंबर सांग, कलम सांग, आणि शांतपणे उभा राहा.

डी-७०४ : दुसरं. तोवर घरी बसून बघ. ७ सप्टेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टानं यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर निकाल दिला, की एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा. दुर्गम भागासाठी मुदत वाढवून दिली आहे. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेत. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' असा भाग आहे. आयुक्तालय निवड, ठाणं निवड, तारखा टाक.

ए-२०३ : बघतो लगेच.

ए-२०३ : मिळाला काका!! इथेच टाकतो, सगळ्यांना नमुना म्हणून बघता येईल.

ए-२०३ : [फाइल पाठवली]

डी-७०४ : आधी ती फाइल काढून टाक. 'सर्वांसाठी हटवा' कर. त्यात तुझा पत्ता आहे, मोबाइल नंबर आहे. ग्रुपवर दीडशे माणसं आहेत, त्यात जुने भाडेकरू, एजंटसुद्धा आहेत. पोर्टलवर आहे म्हणून आपण वाटत फिरायचं नाही.

ए-२०३ : काढली. सॉरी काका, लक्षात नाही आलं.

सचिव : पुढे कुणीही ग्रुपवर पोलिसांचे कागद टाकू नयेत. गरज असेल तर वैयक्तिक पाठवावेत.

सी-१०१ : भाऊ, माझी गेल्या वर्षीची घरफोडी तिथे दिसेल का?

डी-७०४ : दिसायला पाहिजे ताई. तारखेचा अंदाज असला तरी चालतो. त्या चिठ्ठीवर 'गु.र.नं.' असेल तर गुन्हा नोंदला आहे. 'एनसी' असेल तर ती अदखलपात्र नोंद, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस ज्याचा तपास करत नाहीत. उद्या मला चिठ्ठी दाखवा.

बी-५०२ : मुलाची सायकल गेली तेव्हा आम्हाला एनसीच दिली होती. चोरी म्हणजे चोरी ना? एफआयआर का नाही घेतला?

डी-७०४ : नव्या कायद्यात चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र. म्हणून सायकलचं बिल बरोबर न्यायला हवं होतं. किंमत पाच हजारांच्या वर आहे हे तिथल्या तिथे दाखवता आलं असतं.

बी-५०२ : बिल होतं की, साडेआठ हजारांचं. कपाटातच होतं.

डी-७०४ : मग आजही लेखी अर्ज देता येईल. बिलाची झेरॉक्स जोडा आणि एफआयआर नोंदवा म्हणा. ठाण्यात घेतला नाही तर तोच मजकूर पोलीस उपायुक्तांकडे पोस्टानं पाठवा, रजिस्टर्डनं.

डी-७०४ : आता पंचनामा. अडतात सगळे इथेच. एफआयआर ही सुरुवातीची खबर. पंचनामा म्हणजे घटनास्थळी जाऊन पंचांसमोर काय दिसलं त्याची नोंद : गाडी कुठे उभी होती, कुलूप तुटलं का, कॅमेरा कुठल्या बाजूला होता. विमावाल्यांना तोच हवा असतो. माझ्या धाकट्या भावाचा अपघात झाला तेव्हा आम्ही सात वेळा ठाण्यात गेलो. दर वेळी म्हणायचो, "अपघाताचे कागद द्या." दर वेळी उत्तर, "तपास चालू आहे." मी स्वतः कोर्टातला माणूस, पण घरातलं माणूस दवाखान्यात असताना डोकं चालत नाही. शेवटी तिथल्याच बारनिशीतल्या, म्हणजे आवक-जावक टेबलावरच्या, एका हवालदारानं बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, अर्ज लिहा. घटनास्थळ पंचनाम्याची प्रत, विमा दाव्यासाठी, असं लिहा. तोंडी बोललेलं माझ्या वहीत चढत नाही." आठव्या वेळी अर्ज दिला, चार दिवसांत प्रत मिळाली. त्या सात खेपा मला अजून टोचतात.

सी-१०१ : खरं आहे भाऊ. अशा वेळी सुचत नाही काही.

डी-७०४ : म्हणून तू अर्जात असं लिही : "विषय : गु.र.नं. अमुक, दिनांक अमुक, यातील घटनास्थळ पंचनाम्याची साक्षांकित प्रत मिळणेबाबत." खाली दोन ओळी, विमा दाव्यासाठी हवी म्हणून. पॉलिसीची झेरॉक्स आणि आरसी बुकाची झेरॉक्स जोड. दोन प्रती काढ. एक बारनिशीत द्यायची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नकोस.

ए-२०३ : आणि ते ए फायनल?

डी-७०४ : ते आज मिळणारच नाही, तेव्हा त्यासाठी ठाण्यात हेलपाटे घालू नकोस. गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही, असं झालं की पोलीस कोर्टात 'अ समरी' पाठवतात. 'ब' म्हणजे तक्रार खोटी, 'क' म्हणजे खरी-खोटी ठरवता येत नाही किंवा गैरसमजातून दिलेली, दिवाणी स्वरूपाची. विमावाले ज्याला ए फायनल म्हणतात ती हीच अ समरी, न्यायदंडाधिकाऱ्यांनी मंजूर केलेली. पोलीस ठाण्यातून फक्त तिचा जावक क्रमांक आणि कुठल्या कोर्टात पाठवली ते विचारायचं. मंजुरीच्या आदेशाची प्रमाणित प्रत कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून घ्यायची. तोवर विमा कंपनीला चोरीचं लेखी कळव, आरटीओला कळव, दोन्ही चाव्या सांभाळून ठेव.

ए-२०३ : तपासाचं काय चाललंय हे कसं कळणार पण? फोन उचलत नाहीत.

डी-७०४ : त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३(३). फिर्यादीला ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवायची आहे, फोनवर मेसेज करूनही चालतं. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव. नाही कळवलं तर त्या कलमाचा उल्लेख करून अर्ज दे.

बी-५०२ : मग आरटीआयचा उपयोग कशासाठी?

डी-७०४ : ज्या नोंदी फिर्यादी म्हणून सरळ हातात येत नाहीत त्यांच्यासाठी. किंवा अर्जाला उत्तरच येत नाही तेव्हा. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ऑनलाइनही करता येतो. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांत. 'का हवी' हे सांगायचं बंधन नाही. स्वतःच्या नावानं करा, सोसायटीच्या लेटरहेडवर नको, कारण कायद्यानं हा हक्क नागरिकाला दिलाय. ३० दिवसांत उत्तर. प्रतीचे दोन रुपये पानाला, आणि मुदत उलटली तर तेही नाहीत. मग वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

बी-५०२ : "तपास चालू आहे" म्हणून नाकारतातच की काका.

डी-७०४ : माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ज) दाखवतात. इंग्रजीत त्याला एच म्हणतात. पण तपास चालू आहे एवढं म्हणणं पुरत नाही. माहिती दिल्यानं तपासात अडथळा कसा येईल ते सांगावं लागतं. दिल्ली हायकोर्टानं २००७ मध्ये भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. अपिलात हा निकाल लिहा. एक मात्र लक्षात ठेवा, केस डायरी मागू नका. ती तपासी अंमलदाराची तपासाची वही, ती मिळत नाही. स्टेशन डायरी वेगळी. तिच्यातली अमुक तारखेची, अमुक वेळेची नोंद असं नेमकं मागितलं तर मिळायची शक्यता खूप जास्त.

बी-४०५ : काका, शेजारच्या हॉलचा लाउडस्पीकर रात्री बारापर्यंत चालू होता तेव्हा मी ११२ ला तीनदा फोन केला. गाडी आली, पण काय लिहिलं कळलं नाही. ती नोंद मागता येईल?

डी-७०४ : हो ताई, आरटीआयचा खरा उपयोग हाच. लिहा : "अमुक दिनांकास माझ्या मोबाइल क्रमांकावरून ११२ वर केलेल्या कॉलच्या नोंदी, आणि त्यावर गेलेल्या पथकाने नोंदवलेला कारवाईचा तपशील." तुमचाच नंबर, तुमचीच तक्रार, म्हणून दुसऱ्याच्या खासगीपणाचा प्रश्न येत नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. फोनमधल्या कॉल यादीचे फोटो आजच काढून ठेवा.

बी-३०६ : मला नवीन भाडेकरूबद्दल विचारायचं होतं. त्याच्यावर काही केस आहे का, याचा आरटीआय टाकू का?

डी-७०४ : नको ताई. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती अशी मिळत नाही आणि मागूही नये. एखाद्या मुलावर कधीतरी तक्रार झाली असेल आणि तो निर्दोष सुटलाही असेल, त्याचं घर आपण का अडवायचं? भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवा, ते तुमचं काम. पुढची पडताळणी त्यांची.

सचिव : काका, एक आपल्याकडचं. मंगळवारचं सीसीटीव्ही फुटेज तपासी अंमलदारांनी पेन ड्राइव्हवर नेलं. आमच्याकडे काही लिहून घेतलं नाही.

डी-७०४ : अरेरे. उद्याच पत्र द्या आणि पोच घ्या : कुठल्या कॅमेऱ्याचं, किती ते किती वाजताचं, कुणाकडे दिलं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, त्याचा भाग 'अ' उपकरण सांभाळणाऱ्यानं भरायचा, म्हणजे आपण. आणि डीव्हीआरमधलं, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रातलं, मूळ फुटेज वेगळ्या डिस्कवर काढा. आपला डीव्हीआर किती दिवसांनी पुसतो?

सचिव : पंधरा.

डी-७०४ : मग उद्याच.

शनिवार, दुपारी १:२०

ए-२०३ : एफआयआरची शिक्क्याची प्रत मिळाली, एक पैसा लागला नाही. ठाणे अंमलदार चांगले होते, गु.र.नं. सांगितल्यावर पाच मिनिटांत दिली. पंचनाम्याचा अर्ज बारनिशीत दिला, आवक क्रमांक मिळाला. मंगळवारी या म्हणालेत.

सचिव : फुटेज हार्ड डिस्कवर काढलं. पत्राची पोच आली.

सी-१०१ : माझ्या चिठ्ठीवर गु.र.नं. निघाला! भाऊंनी बघून सांगितलं. एवढे दिवस मी ती देवाच्या डबीत ठेवली होती.

ए-२०३ : काकू, मंगळवारी सकाळी साडेदहाला मी जातोच आहे. तुमचा अर्ज काकांकडून लिहून घ्या, दोन प्रती. माझ्याबरोबर चला.

सी-१०१ : येते रे. आधार कार्ड घेऊ ना?

डी-७०४ : आधार कार्ड घ्या, चिठ्ठीची झेरॉक्स घ्या. मूळ चिठ्ठी घरीच ठेवा.