सल्ला हवा: ट्रॉफीच्या दुकानासाठी यूव्ही फ्लॅटबेड घेताना काय बघू?

नवीपेठ_ट्रॉफी: नमस्कार. सोलापुरात ट्रॉफी, ॲक्रिलिक नेमप्लेट, स्टीलच्या बाटल्या करतो. आजवर स्क्रीन प्रिंटिंग नि व्हिनाइलवर भागलं. आता यूव्ही फ्लॅटबेड, म्हणजे सपाट टेबलावर माल ठेवून थेट छापणारा, यूव्ही (अतिनील) दिव्याचा प्रिंटर घ्यायचा आहे. विकणारा डीपीआयच्या (इंचात किती ठिपके) पुढं सरकत नाही. टॉवेलवरही छापता येईल म्हणतोय. खरं काय?

शाईत_हात: डीपीआय ठेवा बाजूला. आधी शाई समजून घ्या. सॉल्व्हंट शाईतलं द्रावण उडतं नि मग ती वाळते. यूव्हीची शाई वाळत नाही, जागेवर घट्ट होते. तिच्यात मोनोमर (प्लॅस्टिकचे सुटे रेणू), ऑलिगोमर (त्यांच्या छोट्या साखळ्या), रंग आणि उजेडानं काम सुरू करणारा फोटोइनिशिएटर असतो. दिवा पडला की फोटोइनिशिएटर फुटतो, मोनोमरची साखळी जुळत जाते नि पातळ शाईचं क्षणात प्लॅस्टिक बनतं. म्हणून तर काचेवर, जिथं काहीच मुरत नाही, तिथंही छापता येतं.

जुन्या मशिनांत पाऱ्याचा दिवा असायचा. तापायला वेळ घ्यायचा नि माल पण तापवायचा. आता एलईडी, बहुतेक ३९५ नॅनोमीटरचे. शाई त्याच तरंगलांबीला जुळणारी पाहिजे. स्वस्तातली भलतीच शाई ओतलीत तर वरून चिकट राहते, हवेतला ऑक्सिजन साखळी तोडतो.

पांढऱ्या शाईबद्दल मात्र खोदून विचारा. त्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड जड, तळाला बसतं. शाई फिरती ठेवायची सोय नसेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतर शाई फवारणारं हेड चोक झालंच समजा.

चिंचोळी_शेड: आरशासारख्या स्टीलवर जपून. माझ्या एका ऑर्डरीत प्रकाश उलटा फिरून नोझलवरच गेला, शाई आतच जमली. हेडचं बिल आलं तेव्हा घरी आठवडाभर सांगितलं नव्हतं. मशीन शटरसमोर पण लावू नका, आपलं ऊन म्हणजे फुकटचा यूव्ही दिवाच की!

टॉवेलवाली: दादा, टॉवेलचा नाद सोडा. शाई सुतात मुरते, तिथवर उजेड पोचत नाही, आत कच्ची राहते. कच्च्या शाईनं अंगाला खाज सुटते. वर कडक पापुद्रा येतो तो वेगळाच. नाव घालायचं तर भरतकाम करून घ्या.

नवीपेठ_ट्रॉफी: बरं झालं विचारलं. आणि बाटल्या?

शाईत_हात: गोल मालाला रोटरी (छापताना माल फिरवणारा जोड) लागेल, काच-स्टीलला प्रायमर, म्हणजे शाई धरून ठेवणारा आधीचा थर. डेमोला त्यांचा नमुना नको, तुमच्याच बाटल्या न्या. छापून झालं की एक दिवस थांबा, ब्लेडनं उभ्या-आडव्या रेघा मारा, टेप चिकटवून झटक्यात ओढा. चौकोन उपटून आले तर प्रायमर बदलून परत छापायला लावा. नायट्राइलचे हातमोजेही घ्या, ओली शाई हाताला लागू देऊ नका.

नवीपेठ_ट्रॉफी: रविवारी जातोय, बाटल्या नि ब्लेड घेऊन. कुणी सोबत येतंय का?

चिंचोळी_शेड: मी येतो. पण सकाळीच निघू, ऊन चढायच्या आत.